वेगळं ताट

आण्णांना स्टेंट बसवल्यानंतरचा पहिला रविवार मी विसरलेलो नाही. त्या दिवशी मटण मी केलं. तोवर आमच्या घरात रविवारचं मटण आण्णांचं असायचं. सकाळी दुकानात रांगेला उभं राहण्यापासून शेवटची कोथिंबीर पेरेपर्यंत कुणी मध्ये हात घालायचा नाही. आई तेवढी भाकरी थापायची. त्या रविवारी शेगडीपुढची जागा रिकामी होती म्हणून मी उभा राहिलो. त्यांनी केलेलं जसं आठवत होतं तसं केलं आणि सगळे जेवायला बसलो. आमच्या ताटात तांबडा रस्सा, आण्णांच्या ताटात उकडलेला दुधी, दोन फुलके आणि मुगाचं पातळ वरण.

त्यांनी मान वर न करता जेवण संपवलं, ताट धुऊन ठेवलं आणि पेठेत फिरायला गेले. पुढच्या रविवारी साडेअकरालाच स्वयंपाकघरात आले. "माझं मला वाढ, तुमचं निवांत चालू दे," असं आईला म्हणाले आणि एकटेच जेवून घेतलं. त्यानंतर तोच पायंडा पडला. आमची पंगत बसायची तेव्हा ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचे, आणि आत जेवणाऱ्या प्रत्येकाला तो पेपर उलटल्याचा आवाज ऐकू यायचा.

कोल्हापुरात मटण म्हणजे काय, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा या गावाने त्याच्यासाठी आंदोलन केलं. बाहेरच्यांना त्याचं नवल वाटलं, मला वाटलं नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आमच्याकडे नुसते वार नाहीत. आणि मटण इथे एकट्यासाठी कुणी करत नाही. पाहुणा आला म्हणून, जत्रा आहे म्हणून, पोरगं पास झालं म्हणून पातेलं चढतं. पांढरा-तांबडा वाढताना वाटी रिकामी दिसली की न विचारता भरायची, हा आमच्याकडचा वाढण्याचा रिवाज आहे. अशा घरात एका माणसाचं ताट वेगळं करणं म्हणजे त्याला पंगतीतून उठवण्यासारखंच आहे. आम्ही ते त्यांच्या भल्यासाठी केलं होतं, आणि त्यांना उठवलंही होतं.

आण्णा तालमीतले. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ साली, खासबाग मैदान उभं राहिलं. त्याच मैदानात तरुणपणी ते लहान जोडीच्या कुस्त्या खेळले. मोठे पैलवान नव्हते. पण खुराकाचं मोल त्यांनी आयुष्यभर जपलं. दूध, बदाम, तूप, मटण. शरीर कमवायचं तर पोटातून कमवायचं, हे त्यांनी आम्हा भावंडांनाही शिकवलं. त्याच माणसाला आता काय खायचं नाही याची यादी फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावलेली होती. ती माझ्या हस्ताक्षरात होती, आणि ते पाणी प्यायला आले की त्यांच्या नजरेसमोर यायची.

सहाव्या महिन्याच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळ विचारलं, मटण कायमचं बंद का? ते म्हणाले, कायमचं कोण म्हणालं? चरबी काढलेलं, थोडं, पंधरा दिवसांतून एकदा चालेल. तळलेलं नको, वरचा कट नको, नारळाचं दूध नको, आणि मीठ मोजून. ही मोकळीक आण्णांच्या तब्येतीपुरती होती, दुसऱ्या कुणी ती आपली समजू नये. पण मला तेवढी वाट पुरेशी होती. परत येताना गाडीवर मागे बसलेल्या आण्णांना मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आता कवळीनं काय चावायचं?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खालचे-वरचे दात काढून वर्ष झालं होतं. मांडीचा चांगला शिजलेला तुकडाही कवळीखाली सरकतो, हिरडीला टोचतो. हवं ते खायला मिळूनही चावता न येणं त्यांना दुधीपेक्षा जास्त जिव्हारी लागलं असतं.

वाट सापडली ती माझ्या नऊ वर्षांच्या लेकीमुळे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिने नूडल्सबरोबर मीटबॉल खाल्ले होते आणि आठवडाभर तिचा एकच धोशा होता. "पप्पा, मीटबॉल कर की." मीटबॉल म्हणजे आपले खिम्याचे गोळे, हे कळायला मला वेळ लागला नाही. पण हे गोळे आण्णांच्या कवळीला चालतील आणि डॉक्टरांच्या यादीतही बसवता येतील, हे एका रात्री भांडी आवरताना अचानक सुचलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

खिमा हा गरिबाचाही आणि दरबाराचाही पदार्थ आहे. कोफ्ता हा शब्द फारसीतल्या कुटणे या अर्थाच्या क्रियापदातून आला, आणि खरोखर कुटण्यातच त्याचा जीव आहे. माझ्या लहानपणी दुकानातला खाटीक लाकडी ओंडक्यावर दोन्ही हातांत सत्तूर घेऊन खिमा करायचा. तो ठेका बोळाच्या तोंडाशी ऐकू यायचा. तसा हाताने केलेला खिमा जरा जाडसर राहतो आणि त्याचा रसही टिकतो. आता सगळीकडे मशीन आहे. मशीनला माझी हरकत नाही, फक्त दुकानात खिमा करून घ्यायचा तर दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. एक, मांडीचं मटण समोर तोलून घ्यायचं, पांढरी चरबी आणि पातळ पडदा काढून घ्यायचा आणि मगच ते मशीनमध्ये घालायला सांगायचं. तयार खिम्यात काय-काय दळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. दुसरी, शक्यतो सकाळी पहिल्यांदा जायचं, मशीन धुतलेली असते तेव्हा.

बकऱ्याचं मटण जात्याच चरबीला हलकं. १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिनं आणि जेमतेम अडीच ग्रॅम चरबी असते. म्हणजे आजवर मटणाच्या नावावर जे दोष आपण लावत होतो, ते पुष्कळसे आपल्याच हातचे आहेत. तेलाचा कट, खोबरं, काजू, तीळ, खसखस, आणि वरून पांढऱ्या रश्श्यातलं नारळाचं दूध. बिचाऱ्या बकऱ्याचा त्यात काय दोष?

पण चरबी कमी असण्याचा त्रासही आहे, आणि तो मला तीन रविवारांत कळला. पहिल्या रविवारी मी खिमा घरी आणून नळाखाली धुतला. आपल्याकडे मटण धुतल्याशिवाय घ्यायचं नाही ही सवय. पाणी खिम्यात भरून राहिलं आणि गोळे रश्श्यात विरघळले. पातेल्यात खिम्याची आमटी झाली. दुसऱ्या रविवारी भीतीपोटी डाळ्याचं पीठ जास्त घातलं. गोळे मोडले नाहीत, पण इतके घट्ट झाले की लेकीने अर्धा खाऊन ठेवला. तिसऱ्या वेळी आकार जमला, चव जमली, पण आतून कोरडे. तिन्ही वेळा मी आण्णांना काही वाढलं नाही, कारण चुकलेलं ताट त्यांच्यापुढे ठेवायचं नाही हे ठरलं होतं. बायको म्हणाली, "अहो, इतकं कशाला? साधा खिमा परता की." परतलेला खिमा मऊ होतो खरा, पण तो कवळीखाली कणाकणाने जाऊन बसतो. गोळा एकसंध असतो, चमच्याने अर्धा करता येतो. मला गोळाच हवा होता.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात काम करतो, साचे करण्याच्या विभागात. वाळूचा साचा उभा राहतो तो वाळू, बेंटोनाइट माती आणि तीन-चार टक्के पाणी यांच्या मेळावर. प्रयोगशाळेत त्याची मोजमापं होतात, पण जुना माणूस आधी वाळू मुठीत दाबून बघतो. मूठ उघडली की बोटांचे ठसे स्वच्छ उमटलेले हवेत, आणि गोळा मधोमध मोडला तर कडा ढासळता कामा नयेत. पाणी जास्त झालं तर साच्यात वाफ कोंडून ओतकाम बिघडतं, कमी झालं तर साचा झडतो. वीस वर्षं मी हेच करतोय. चौथ्या रविवारी परातीतला खिमा हातात घेतला तेव्हा नकळत मूठ दाबली, उघडली आणि बघितलं. कडा ढासळल्या. माझं उत्तर माझ्याच कामात होतं.

तेव्हापासून जे करतो ते इथे सविस्तर लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी असंच एक वेगळं ताट असणार.

मटण धुवायचं ते खिमा करण्याआधी, आणि फडक्याने टिपून कोरडं करायचं. मी आता मटण घरी आणतो, धुऊन-टिपून तासभर फ्रीजमध्ये ठेवतो आणि मिक्सरला थोडं-थोडं थांबत-थांबत फिरवतो. अर्धा किलो खिम्याला सपाट अर्धा चमचा मीठ. हे मीठ सगळ्यात आधी, बाकी काहीही घालण्यापूर्वी घालायचं आणि खिमा तळहाताच्या टाचेने मळायचा. मांसात मायोसिन नावाचं प्रथिन असतं. मिठाने ते सुटं होतं आणि चिकटपणा येतो. आमच्या वाळूतल्या बेंटोनाइटचं काम इथे तेच प्रथिन करतं. दोन-तीन मिनिटांत खिमा परातीला लागायला लागतो, हाताला ओढ जाणवते. मग पीठ जास्त घालावं लागत नाही. खिमा गार हवा, उन्हाळ्यात तर हवाच, नाहीतर असलेली थोडी चरबी हाताच्या उबेने वितळते आणि गोळा सुटतो.

त्यानंतर आलं-लसूण, हिरवी मिरची, भरपूर कोथिंबीर, हळद, बारीक चिरून कोरडाच परतलेला एक कांदा, आणि किसलेला दुधी. हो, तोच दुधी. साधारण १०० ग्रॅम, किसून घट्ट पिळून. चरबी काढून टाकल्यावर गोळ्यात जो ओलावा उरत नाही, तो दुधी परत आणतो. शिजल्यावर दुधी आहे हे कळतही नाही. बांधायला एक अंडं आणि तीन मोठे चमचे भाजलेल्या ओट्सची पूड. डाळ्याचं कूटही चालतं, पण बेताने. चिकनचा खिमा घेतलात तर तो जास्त ओला असतो, तिथे पूड एखादा चमचा वाढवावी लागते. एवढं झालं की मूठ दाबून बघायची. ठसे उमटले, कडा राहिल्या, तर परात झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये.

लिंबाएवढे चोवीस गोळे होतात. तळायचे नाहीत, आणि तळल्यासारखा तांबूस रंग तर हवा, कारण भाजल्या मांसाचा तो वास रश्श्यात उतरल्याशिवाय मटण खाल्ल्यासारखं वाटत नाही. इथे आईचं बिडाचं आप्पेपात्र कामाला आलं. कर्नाटकच्या सीमेच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आमच्या गावात आप्पेपात्र नसलेलं घर विरळा. प्रत्येक वाटीत तेलाचे दोन थेंब, आच मध्यम, गोळा ठेवायचा आणि चमच्याने फिरवत राहायचा. सगळीकडून एकसारखा भाजला जातो आणि सगळ्या गोळ्यांना मिळून दीड-दोन चमच्यांच्या वर तेल लागत नाही. आत कच्चा राहिला तरी चालतं, तो पुढे रश्श्यात शिजतो.

रश्श्याचं काम आदल्या रात्रीपासून चालू होतं. दुकानातून नळीची हाडं वेगळी आणतो आणि हळद, आलं-लसूण घालून कुकरमध्ये त्याचं अळणी पाणी काढतो. ते गाळून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरलेला असतो, तो चमच्याने उचलून टाकायचा. पहिल्यांदा उचलला तेव्हा मी तो वाटीत भरून आईला दाखवला. आई बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिली.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा, आणि तोही दिवसभराचं सगळं धरून. आपलं मीठ कुठे-कुठे लपलेलं असतं हे शोधायला लागलो तेव्हा पहिली सापडली ती कांदा-लसणीची चटणी. दर उन्हाळ्यात आई ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या उन्हात वाळवते, देठं काढते, खोबरं, तीळ, धणे भाजते, कांदा तेलात तळते, आणि सगळं डंकावर कुटून आणते. वर्षभर टिकायला त्यात मीठ घालावंच लागतं, तेलही असतंच. म्हणजे रश्श्यात दोन चमचे चटणी घातली की मीठ पडलंच, आणि आपण सवयीने वरून पुन्हा घालतो. मी आता रश्श्याला वेगळं मीठ घालत नाही. आईने मागच्या उन्हाळ्यात पायलीभर चटणीतून थोडी बिनमिठाची वेगळी बांधून घेतली. ती फ्रीजमध्ये ठेवतो, आणि आता रविवारी तीच वापरतो.

चार-पाच टोमॅटो आणि दोन कांदे निखाऱ्यावर भाजून वाटायचे. खोबरं नाही. वाटण एक चमचा तेलात परतायचं, त्यावर चटणी, मग ते अळणी पाणी. उकळी आली की गोळे एक-एक सोडायचे आणि आच मंद करायची. खळखळून उकळलं तर गोळे एकमेकांवर आपटतात. बारा-पंधरा मिनिटं झाकण ठेवून. खिमा आत कच्चा राहता कामा नये. अखंड तुकड्याचे जंतू वरच्या अंगाला असतात, खिमा केला की तेच आतवर मिसळतात. मी तापमापी खुपसून बघतो, मधोमध ७१ अंश सेल्सिअस हवेत. माझं सगळं आयुष्य तापमान मोजण्यात गेलं, इथे अंदाजावर सोडायला मन धजत नाही. आणि शेवटी लिंबू. आंबटपणा आला की मीठ कमी असल्याचं जिभेला जाणवत नाही.

पाचव्या रविवारी, साडेअकराला, आण्णा नेहमीप्रमाणे आत आले. मी म्हणालो, "आज थांबा. सगळ्यांबरोबर बसायचंय." त्यांनी शेगडीकडे बघितलं. एकच पातेलं होतं. त्यांनी दुसरं कुठे झाकून ठेवलंय का म्हणून ओट्यावर नजर फिरवली, ती मला दिसली.

पाच ताटं मांडली. ज्वारीची भाकरी, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा थोडा भात, काकडी, आणि प्रत्येक वाटीत रस्सा नि चार गोळे. आण्णांच्या वाटीतही चारच. लेकीने नूडल्स मागितल्या नाहीत, आजोबांनी भाकरी कुस्करली तशी तिनेही कुस्करली. आण्णांनी चमच्याने गोळा अर्धा केला, आतून बघितला. पैलवान माणूस, मांसाकडे बघण्याची नजर गेलेली नाही. तोंडात घातला, सावकाश चावला. कुणी काही बोलत नव्हतं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"होय, कमीच आहे. सगळ्यांनाच."

त्यांनी एकदा सगळ्यांच्या वाट्यांकडे बघितलं. मग भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. पुढे त्यांनी मिठाचं नाव काढलं नाही. दुसरा गोळा खाताना म्हणाले, "नळीचं पाणी हाय ह्यात. कळतंय." रस्सा संपत आला तसा आईने न विचारता डाव घेतला आणि त्यांची वाटी भरली. त्या घरात ती वाटी तशी भरली गेल्याला सात महिने झाले होते. आई लगेच ओट्याकडे वळली आणि पाठमोरी उभी राहिली.

आता दर पंधरा दिवसांनी हा बेत असतो. मधल्या रविवारी सगळ्यांनाच वरण किंवा मासा, वेगळं कुणाला काही नाही. फ्रीजवरची यादी मी काढून टाकली, कारण आता ती स्वयंपाकात उतरली आहे. आणि घरात तेलाचा डबा पूर्वीपेक्षा कितीतरी उशिरा संपतो.

गेल्या महिन्यापासून खिमा मळायला आण्णा येऊन बसतात. तालमीत हौद्याची माती उकरून त्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळायचे, ते सांगतात आणि सांगता-सांगता त्यांच्या हातांना तोच ठेका येतो. लेक त्यांच्या शेजारी पाटावर बसून गोळे वळते. तिचे लहान-मोठे होतात, आण्णा न बोलता ते परत मोडतात नि तिच्या तळव्यावर ठेवतात. काल चोवीस झाल्यावर त्यांनी परात जरा लांब धरली, रांगा बघितल्या आणि मला म्हणाले, "पुढल्या बारीला नळी जरा जास्त आण. पोरीला आवडती."